प्लसचा नंबर काढायचाय? मग थेंबांची घाई नको

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून चष्म्याचा नंबर काढायचं काम मी करते. "मॅडम, लवकर उतरणारे थेंब घाला, गारगोटीची एसटी गाठायचीय," असं हमखास ऐकायला मिळतं. प्लसचा नंबर शोधायचा असेल तर ते जमत नाही.

मुलांच्या डोळ्यातला फोकस जुळवणारा स्नायू भलताच दमदार असतो. त्याच्या जोरावर +3 नंबरचं पोरगंही शेवटची ओळ धडाधड वाचतं. तो स्नायू सैल पडला, की लपलेला नंबर बाहेर येतो. बाहुली नुसती मोठी होऊन भागत नाही.

लवकर उतरणारे थेंब म्हणजे ट्रॉपिकामाइड. ते अर्ध्या तासात चढतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. डोळ्यामागचा पडदा बघायला झकास, पण स्नायूवर पकड कच्ची. म्हणून रोजच्या तपासणीला सायक्लोपेंटोलेट 1 टक्का. जरा झोंबतं. पाच-दहा मिनिटांनी दुसरा थेंब, पाऊण तासाने तपासणी; साधारण दुसऱ्या दिवशी नजर पूर्ववत. एखादं मूल पेंगतं, नाहीतर भलतंच बडबडायला लागतं. तसं झालं तर लगेच आम्हाला सांगा. होमॅट्रोपिन या दोन्हींपेक्षा जास्त रेंगाळतं, एक ते तीन दिवस.

डोळा नाकाकडे वळत असेल किंवा मूल अगदी लहान असेल, तर डॉक्टर बहुधा अ‍ॅट्रोपिन 1 टक्का मलम देतात. ते तपासणीआधी साधारण तीन दिवस घरीच लावायचं, किती वेळा ते चिठ्ठीत असतं. खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं सोडा आणि नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. मग हात साबणाने धुवा. त्याच बोटाने स्वतःचा डोळा चोळलेल्या आया एका डोळ्याची बाहुली मोठी घेऊन माझ्यासमोर बसलेल्या आहेत! तपासणीच्या सकाळी मलम नको, चिकटपणामुळे आत नीट दिसत नाही. चेहरा लालबुंद झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. ट्यूब पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

या मलमाचा असर दहा-चौदा दिवस राहतो. जवळचं पुसट दिसतं, म्हणून घटक चाचणीचा आठवडा टाळा. उन्हात टोपी हवीच.

आणि दुकानात ट्यूब घेताना टक्का वाचा. 0.01 टक्क्याचं अ‍ॅट्रोपिन मायनस नंबर वाढू नये म्हणून देतात; नंबर काढायला ते चालत नाही.