एक ओळ म्हणजे काय? राजकीय हिंसा आणि निदर्शने आकडेवारीतून कशी समजून घ्यावीत

जगातील राजकीय हिंसेची आणि निदर्शनांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या संस्थेची फाइल उघडली, की पडद्यावर हजारो ओळी दिसतात. तारीख, देश, गाव, कोणी, कोणावर, काय केले, किती मृत्यू, असे स्तंभ ओळीने मांडलेले असतात आणि बहुतेकांचा हात लगेच बेरजेकडे जातो. माझाही सुरुवातीला जात असे. अनुभवाने कळले ते असे, की ‘किती’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘या फाइलीत एक ओळ म्हणजे नेमके काय’ हे ठरवून घ्यावे लागते. ते न ठरवता काढलेला प्रत्येक आलेख कितीही सुबक दिसला तरी वाचणाऱ्याची दिशाभूल करू शकतो. या विषयात दिशाभूल होणे साधी गोष्ट नाही, कारण त्या ओळींमागे माणसे असतात.

योग्य डेटासंच निवडणे

आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि मगच डेटासंच निवडावा. सशस्त्र संघर्षांत किती माणसे मारली गेली, हा प्रश्न असेल तर स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संघर्ष डेटा प्रकल्पाकडे, म्हणजे यूसीडीपीकडे जावे. त्याची ठिकाणनिहाय घटनांची फाइल १९८९ पासून सुरू होते आणि घटना नोंदवली जाण्यासाठी संघटित पक्षाने केलेल्या हिंसेत किमान एक थेट मृत्यू झालेला असावा लागतो. शिवाय दोन पक्षांमधील संघर्षात एका कॅलेंडर वर्षात किमान २५ मृत्यू झाले, तरच तो त्या वर्षीचा सक्रिय संघर्ष मानला जातो. साहजिकच ज्या मोर्चात कोणी दगावले नाही तो मोर्चा यूसीडीपीत शोधून सापडणार नाही.

निदर्शनेही मोजायची असतील तर अॅक्लेड हा सशस्त्र संघर्ष आणि निदर्शने यांच्या घटनांची नोंद ठेवणारा डेटासंच उपयोगी पडतो. यात लढाया, स्फोट व दूरस्थ हिंसा, नागरिकांवरील हिंसा, निदर्शने, दंगली आणि व्यूहात्मक घडामोडी असे सहा मुख्य प्रकार असून मृत्यूची अट नाही. फाइल दर आठवड्याला अद्ययावत होते. ती वापरण्यासाठी नोंदणी करावी लागते आणि वापराच्या अटी डाउनलोड करण्यापूर्वीच वाचाव्यात, नंतर नव्हे. दहशतवादी हल्ल्यांचा दीर्घ इतिहास पाहायचा असेल तर मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवाद डेटासंच १९७० पासूनचा आहे. मात्र त्यातील १९९३ च्या नोंदी हरवलेल्या आहेत, त्यामुळे आलेखात त्या वर्षी रेषा खाली न आणता ती तोडावी. सरकारविरोधी निदर्शनांसाठी ‘मास मोबिलायझेशन’ हा १९९० पासूनचा संच आहे आणि त्यात किमान ५० लोकांच्या सहभागाची अट आहे.

जीडेल्ट या आणखी एका डेटासंचाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवख्या अभ्यासकाला तोच सर्वांत मोहक वाटतो. जगभरच्या बातम्या संगणक आपोआप वाचतो आणि दर १५ मिनिटांनी नव्या नोंदी तयार होतात. पण माणसाच्या नजरेखालून न गेलेली ती नोंद बहुतांशी बातमीची असते, घटनेची नव्हे. नायजेरियातील चिबोक येथील शाळेतून २७६ मुलींचे अपहरण १४ एप्रिल २०१४ च्या रात्री झाले. ती घटना एकच होती, परंतु पुढचे कित्येक आठवडे तिच्यावर जगभर बातम्या येत राहिल्या. त्याच वर्षी एका अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने जीडेल्टच्या आधारे नायजेरियातील अपहरणांचा आढावा प्रसिद्ध केला आणि बातम्यांची संख्या म्हणजे अपहरणांची संख्या नव्हे, हे तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर त्याला दुरुस्ती करावी लागली. कोणत्या विषयाकडे माध्यमांचे लक्ष वळले हे पाहायचे असेल तर जीडेल्ट उत्तम आहे. घटना मोजण्यासाठी मी तो वापरत नाही.

एका घटनेच्या किती ओळी होतात

एक कल्पित उदाहरण घेऊ. थकलेल्या पगारासाठी एका देशातील शिक्षकांनी तीन शहरांत सलग दोन दिवस निदर्शने केली. पहिला दिवस सगळीकडे शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या शहरात पोलिसांनी अश्रुधूर सोडून जमाव पांगवला, दुसऱ्या शहरात गोळीबारात दोन शिक्षक ठार झाले आणि तिसऱ्या शहरात निदर्शकांनीच सरकारी कार्यालयावर दगडफेक करून वाहने पेटवली.

अॅक्लेडमध्ये एक दिवस आणि एक ठिकाण मिळून एक घटना धरली जाते, म्हणून या एका आंदोलनाच्या सहा ओळी होतील. पहिल्या दिवसाच्या तिन्ही ओळी ‘शांततापूर्ण निदर्शने’ या उपप्रकारात जातील. दुसऱ्या दिवशीची अश्रुधुराची ओळ ‘हस्तक्षेप झालेली निदर्शने’ म्हणून, गोळीबाराची ओळ ‘निदर्शकांवर अतिरिक्त बळाचा वापर’ म्हणून नोंदवली जाईल, तर जाळपोळीची ओळ निदर्शने या प्रकारातून बाहेर पडून दंगल या प्रकारात जाईल. यूसीडीपीच्या वर्षाला २५ मृत्यूंच्या उंबरठ्यामुळे तिथे यातले बहुधा काहीच दिसणार नाही. एखाद्या संचात पूर्ण आंदोलनाची, सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह, एकच नोंद असू शकेल. सहा, शून्य आणि एक हे तिन्ही आकडे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहेत. म्हणूनच दोन संचांतले आकडे एकाच आलेखात कधीही एकत्र करू नयेत.

फाइल हाती आल्यावर मी पहिल्यांदा वीसेक ओळी निवडून त्यांच्यातील वर्णनाचा स्तंभ शब्दन् शब्द वाचतो. या कामाला तासभर लागतो आणि त्याला दुसरा पर्याय नाही. नोंद करणाऱ्याने बातमीतून काय घेतले, काय सोडले, ‘अज्ञात सशस्त्र गट’ असे कधी लिहिले, हे तिथेच कळते. वर्णने अनेकदा अंगावर येतात. लागोपाठ शेकडो वाचू नयेत, मध्ये उठावे.

ओळींची संख्या म्हणजे हिंसेची तीव्रता, असेही समजू नये. एखाद्या गावावर दिवसभर तोफा डागल्या गेल्या तरी ती एकच ओळ असू शकते आणि चार जणांनी फलक धरून केलेले उपोषणही एकच ओळ असते. त्यामुळे सर्व प्रकार मिसळून ‘एकूण घटना’ असा आलेख काढण्याचा मोह टाळावा. निदर्शने वेगळी ठेवावीत, हिंसा वेगळी ठेवावी आणि हिंसेतही युद्धभूमीवरची चकमक आणि निःशस्त्र नागरिकांवरचा हल्ला यांची सरमिसळ करू नये. निदर्शने वाढणे हे अनेकदा लोकांना बोलण्याची मुभा असल्याचे लक्षण असते. त्यांना ‘अशांतता’ या एकाच टोपलीत टाकणे मला अन्यायाचे वाटते.

मृत्यूंचा स्तंभ

हा स्तंभ सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत कमी भरवशाचा असतो. यूसीडीपी प्रत्येक घटनेसाठी तीन अंदाज देतो, सर्वांत संभाव्य, किमान आणि कमाल. आलेख संभाव्य अंदाजावर काढला तरी किमान-कमाल पट्टा त्याच्याभोवती दाखवावा. अॅक्लेड एकच आकडा देतो आणि वेगवेगळ्या बातम्यांत वेगवेगळे आकडे आले असतील तर साधारणपणे कमीत कमी आकडा धरतो. बातमीत फक्त ‘अनेक ठार’ असे असेल, तर सर्वसाधारण परिस्थितीत ३ आणि युद्धक्षेत्रात १० असा ठरावीक आकडा भरला जातो.

याची खातरजमा करणे सोपे आहे. मृत्यूंच्या स्तंभावर पिव्होट टेबल (एकेका आकड्याची मोजणी करून देणारा तक्ता) लावून ० ते १५ यांपैकी प्रत्येक आकडा किती वेळा आला ते पाहावे. ९ आणि ११ यांच्या मानाने १० फारच जास्त वेळा आला असेल, तर त्यातला मोठा भाग हा नियमाने भरलेला आकडा आहे, मोजलेला नव्हे, हे ध्यानात घ्यावे. अशा फाइलीवरून ‘मृत्यू ४.७ टक्क्यांनी वाढले’ असे लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे होय. ‘साधारण तेवढेच राहिले’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

नकाशावरचा मोठा ठिपका

एकदा मी एका देशातील घटनांचा नकाशा काढला, तेव्हा एका प्रांताच्या राजधानीवर भलामोठा ठिपका उमटला. शहर पेटले आहे असा माझा समज झाला आणि मी तसे टिपणही लिहायला घेतले. सुदैवाने पाठवण्याआधी अचूकतेचा स्तंभ पाहिला. अॅक्लेडमध्ये ठिकाणाच्या अचूकतेला १, २, ३ असे क्रमांक असतात. १ म्हणजे नेमके गाव माहीत आहे, २ म्हणजे आसपासचा भाग माहीत आहे आणि ३ म्हणजे फक्त प्रांत माहीत आहे. प्रांतच माहीत असेल तर ती घटना बहुतेक वेळा प्रांताच्या राजधानीच्या अक्षांश-रेखांशावर ठेवली जाते. माझ्या ठिपक्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी ३ क्रमांकाच्या होत्या. त्या वगळल्यावर उरला तो लहानसा ठिपका.

तेव्हापासून मी गावपातळीच्या नकाशात फक्त १ क्रमांकाच्या ओळी घेतो, आणि किती ओळी वगळल्या ते नकाशाखाली लिहितो. तारखेच्या अचूकतेलाही असेच क्रमांक असतात. दैनिक आलेख काढताना, ज्या नोंदींचा फक्त महिना माहीत आहे त्या बाजूला काढाव्यात.

शांतता की बातमीचा अभाव

इथियोपियाच्या तिग्राय प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटले आणि दूरध्वनी व इंटरनेट तोडण्यात आले. पत्रकारांनाही तिथे पोहोचणे अवघड झाले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरिया येथे करार होईपर्यंत तिथे जे घडले त्यातले फार थोडे तत्काळ नोंदवले गेले. कोणी त्या काळातल्या साप्ताहिक ओळी मोजून शेजारच्या शांत प्रदेशाशी तुलना केली, तर चित्र उलटे दिसू शकेल. म्हणून आलेखात अचानक उतार दिसला की त्या आठवड्यात इंटरनेट बंद होते का, पत्रकारांना प्रवेश होता का, एखादा स्थानिक वृत्तस्रोत बंद पडला का, हे आधी तपासावे. स्रोताचा स्तंभ गावांनुसार गटवून पाहिला की पुष्कळदा उत्तर मिळते.

उलट बाजूही आहे. अॅक्लेडमध्ये आफ्रिकेच्या नोंदी १९९७ पासून आहेत, लॅटिन अमेरिकेच्या २०१८ पासून आणि अमेरिकेच्या २०२० पासून. देश निवडण्याच्या चौकटीत ‘जग’ ठेवून १९९७ पासूनचा आलेख काढला, तर तो वर चढतच जाणार, कारण फाइलीत देश वाढत गेले. तुलना करायची तर ज्या वर्षापासून सर्व निवडलेल्या देशांच्या नोंदी आहेत तिथूनच सुरुवात करावी.

कल काढताना

दैनिक आकड्यांवर निष्कर्ष काढू नयेत. अनेक मुस्लीमबहुल देशांत शुक्रवारच्या नमाजानंतर मोर्चे निघतात, तर युरोपात शनिवारी गर्दी होते. म्हणून सात दिवसांची चल सरासरी (दर दिवशी पुढे सरकणाऱ्या सात दिवसांची सरासरी) घ्यावी किंवा शुक्रवारची तुलना शुक्रवारशी करावी. लोकसंख्येने मोठ्या देशात घटना जास्त असणारच, तेव्हा दर दहा लाख लोकांमागे किती हेही शेजारी मांडावे. शेवटच्या तीन-चार आठवड्यांचे आकडे पुढे बदलतात, कारण उशिरा आलेल्या बातम्यांवरून नोंदी वाढतात, दुरुस्त होतात, क्वचित काढूनही टाकल्या जातात. तो भाग तुटक रेषेने दाखवावा. मूळ फाइल डाउनलोडच्या तारखेसह तशीच जपून ठेवावी आणि सगळे काम तिच्या प्रतीवर करावे.

प्रसिद्ध करताना एक काळजी अवश्य घ्यावी. वर्णनात एखाद्या सामान्य निदर्शकाचे नाव किंवा घराचा पत्ता आला असेल तर तो आपल्या तक्त्यात उतरवू नये, मग तो मूळ बातमीत छापलेला असला तरी. ज्या देशात निदर्शने करणे गुन्हा ठरते तिथे आपला तक्ता कोणाच्या हाती पडेल याची खात्री देता येत नाही.

राहिली ती आलेखाखालची ओळ. तिच्यावर मी आलेखाइतकाच वेळ घालवतो. ‘देशात १२० निदर्शने झाली’ असे न लिहिता मी काहीसे असे लिहितो: ‘या कालावधीत अॅक्लेडने १२० निदर्शने नोंदवली, एका ठिकाणचा एक दिवस म्हणजे एक नोंद, फक्त गावाची अचूक माहिती असलेल्या नोंदी घेतल्या असून १४ वगळल्या आहेत, शेवटचे चार आठवडे अपूर्ण आहेत, फाइल अमुक तारखेला डाउनलोड केली.’ वाक्य लांब होते आणि मांडणी करणारा ते कापायला सांगतो. जागा कमी पडली तर मी आलेखाची उंची कमी करतो, पण ‘नोंदवली’ हा शब्द काढत नाही.