अकाई एस३०००एक्सएलला एसडी कार्डाचा ड्राइव्ह जोडताना

एस३०००एक्सएल हा सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून तो वाजवता येणारं यंत्र. त्यात जास्तीत जास्त ३२ एमबी रॅम बसते आणि यंत्र बंद केलं की ती रिकामी होते. एका फ्लॉपीवर १.६ एमबी मावतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झचा मोनो आवाज जेमतेम १८ सेकंद. भरलेली रॅम साठवायची तर वीस-एकवीस फ्लॉप्या. म्हणून मागच्या एससीएसआय पोर्टला, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या पोर्टला, ज्याला सगळे स्कझी म्हणतात, बाहेरचा ड्राइव्ह हवाच. जुनी स्कझी हार्डडिस्क शोधत वेळ घालवू नका. ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखं एसडी कार्डावर चालणारं बोर्ड घ्या.

सॅम्पलर जपानहून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असू शकतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका.

केबल सॅम्पलरचा पोर्ट बघून घ्या. स्कझीचा २५ पिनांचा कनेक्टर जुन्या प्रिंटर पोर्टसारखाच दिसतो आणि प्रिंटरची केबल त्यात बसतेही, पण ती वापरायची नाही. झिप ड्राइव्हचंही (जाड फ्लॉपीसारख्या डिस्कवर चालणारा जुना ड्राइव्ह) तसंच: स्कझी आणि प्रिंटर पोर्टवाला, दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. मागचं लेबल वाचूनच पैसे द्या.

आता आयडी, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक. एकापुढे एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीत प्रत्येकाचा आकडा वेगळा हवा, ० ते ७. अकाई स्वतः बहुतेक वेळा ६ वर असतो. झिपच्या मागच्या बटणावर ५ आणि ६ एवढेच पर्याय आहेत, म्हणजे झिप असेल तर ५ त्याचा आणि कार्डाच्या बोर्डाला ४. ब्लूस्कझीत आयडी फाइलच्या नावातच लिहितात: इंग्रजी एच, डी, मग ४, मग ०, अंडरस्कोर, ५१२ आणि डॉट एचडीए. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, ५०० एमबीची रिकामी फाइल या नावाने ठेवा. कार्डाचं काम संपलं.

टर्मिनेशनपाशी मात्र थांबा. स्कझीच्या तारेचं टोक मोकळं असलं की सिग्नल तिथून परत फिरतो, विहिरीत मारलेली हाक परत यावी तसा, आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. तो जिरवण्यासाठी साखळीच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लागतात. साध्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक तारेला ५ व्होल्टकडे २२० ओहम आणि ग्राउंडकडे ३३० ओहम. एक टोक सॅम्पलर, दुसरं टोक शेवटचं उपकरण. मधल्या कुणाचंही टर्मिनेशन चालू नको. एक कमी चालत नाही, एक जास्तही चालत नाही.

माझ्या साखळीत सॅम्पलर, मध्ये झिप आणि शेवटी कार्डाचं बोर्ड होतं. झिपच्या मागचा टर्मिनेशनचा स्विच चालूच राहिला होता. ड्राइव्ह दिसला, फॉरमॅट झाला, सेव्हही झालं. एका गोंधळात रेकॉर्ड केलेला संबळ मी कापून, लूप लावून, पट्टीपट्टीवर मांडला होता. दोन आठवड्यांचं काम. दुसऱ्या दिवशी लोड केलं तर प्रत्येक ठोक्यात तडतड. विकणाऱ्याने सांगितलं, "केबल छोटी आहे, टर्मिनेशनचा प्रश्नच नाही." त्यावर विश्वास ठेवून मी आणखी तीन रात्री कार्डं बदलत बसलो. मूळ रेकॉर्डिंग जवळ होतं, म्हणून संबळ वाचला. मांडणी पुन्हा करावी लागली.

म्हणून कुणी म्हणालं की "ड्राइव्ह दिसतोय ना, मग झालं", तर ते ऐकू नका. ड्राइव्हची ओळख विचारताना तारेवरून साधारण ३६ बाइट येतात. तेवढे बिघडलेल्या साखळीतूनही सुखरूप येतात. खरी परीक्षा मेगाबाइटमध्ये होते. काही जुने सॅम्पलर पॅरिटी, म्हणजे चूक पकडण्यासाठीचा जादा बिट, पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी बोर्डावर पॅरिटी तपासणी बंद करावी लागते. ती बंद असली की उलटलेला बिट कुणाच्या लक्षातही येत नाही, स्क्रीनवर चूक येत नाही आणि आवाज मात्र खराब होतो.

टर्मिनेशनला वीज लागते हेही लोक सांगत नाहीत. ती टर्मपॉवर नावाच्या तारेतून येते, २५ पिनांच्या कनेक्टरवर पिन २५. तिथे ४.२५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. काही जुनी यंत्रं ती पुरवतच नाहीत. शंका असेल तर बोर्डाला यूएसबीने वेगळी वीज द्या.

जोडणी नेहमी सगळं बंद असताना. आधी ड्राइव्ह चालू, मग सॅम्पलर.

फॉरमॅट सॅम्पलरमधूनच करा, संगणकावरून नको. अकाईच्या पद्धतीत एक पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचा एक कप्पा, ६० एमबीपेक्षा मोठं होत नाही. मी एका कामाला एक पार्टिशन देतो.

आता परीक्षा. फोनवरच्या टोन जनरेटरमधून शुद्ध साइन सूर घ्या आणि ३ मिनिटं मोनो सॅम्पल करा, साधारण १६ एमबी होतात. तानपुरा वापरू नका, जवारीत तडतड लपते. सेव्ह करा, सगळं बंद करा, पुन्हा चालू करून लोड करा आणि हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. एक जरी टिक आली तरी केबल आणि टर्मिनेशनकडे परत जा, कार्डाकडे नाही. असं तीनदा निर्दोष झाल्याशिवाय मी त्या ड्राइव्हवर खरं काम ठेवत नाही. पावसाळ्यानंतर कनेक्टर काढून स्वच्छ करतो आणि हीच परीक्षा पुन्हा घेतो, कारण दमट हवेत पिना काळवंडतात.

सॅम्पलरमध्ये सेव्ह करताना नावाला १२ अक्षरंच मिळतात, म्हणून पहिली तीन कामाच्या खुणेसाठी राखून ठेवा. आठवड्याला एकदा कार्ड काढून ती एचडीए फाइल संगणकावर कॉपी करा. अख्खा ड्राइव्ह त्या एका फाइलमध्ये आहे.