घरगुती हीट पाइपमध्ये कोणता द्रव भरावा? या चुका टाळा

हीट पाइप म्हणजे दोन्ही टोकं बंद असलेली नळी: आतला द्रव गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि उष्णता तिकडे नेतो. संगणकाचा प्रोसेसर 60 अंशांवर चालतो, पाणी 100 ला उकळतं, मग पाणी काय कामाचं? असा हिशेब करून ॲसिटोन आणलं जातं, आणि पहिली चूक तिथेच होते. 100 अंश हा आकडा मोकळ्या हवेतला. नळीतली हवा काढली की आत पाणी आणि त्याची वाफ एवढंच उरतं. 30 अंशांना त्या वाफेचा दाब जेमतेम 4 किलोपास्कल असतो, 60 ला सुमारे 20. दाब इतका कमी असल्याने पाणी 100 च्या कितीतरी आधी उकळतं, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडं गरम झालं तरी वाफ उष्णता वाहू लागते. शिवाय एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2,300 किलोज्यूल उष्णता उचलली जाते; ॲसिटोन त्याच्या पावभरही उचलत नाही.

तेव्हा नळी तांब्याची असेल तर डिस्टिल्ड पाणीच. ॲल्युमिनियममध्ये मात्र पाणी अजिबात नको. धातूशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, तो थंड टोकाला साठतो आणि तेवढा भाग निकामी होतो. तिथे ॲसिटोन चालतं, मेथॅनॉल नाही. गोठवणाऱ्या थंडीत तांब्याला मेथॅनॉल ठीक, पण ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे. अमोनियाच्या वाटेला जाऊ नका: 25 अंशांनाच आत 10 बार दाब.

आतून जाळी (द्रव गरम टोकाकडे परत ओढणारी) नसलेल्या उभ्या नळीत गरम भागाच्या निम्म्या आकारमानाइतकं पाणी पुरतं. आतला व्यास 8 मिमी, गरम भाग 80 मिमी, तर साधारण 2 मिली. सुरुवातीला 5 मिली घाला, खालून तापवा, वाफेने हवा बाहेर ढकलू द्या. वाफ जोरात येत असतानाच तोंड चेपा आणि त्याच क्षणी आच काढा. बंद नळी तापवत राहिलात तर ती फुटू शकते. चेपलेल्या जागेवर नंतर सोल्डर. रिकाम्या नळीचं वजन आणि बंद केल्यानंतरचं वजन यांतला फरक म्हणजे आत उरलेलं पाणी (सोल्डरचं वजन वजा करा). ॲसिटोन किंवा मेथॅनॉलवर हा प्रयोग ज्योतीने कधीही करू नये.

वरचे काही सेंटिमीटर पहिल्याच दिवशी थंड राहिले, तर हवा उरली आहे. काही आठवड्यांनी थंड पडले, तर आत वायू तयार होतोय किंवा सांध्यातून हवा शिरतेय. आतलं फ्लक्स (सोल्डर करताना लावायचं रसायन) धुतलं होतं का ते आठवा. खालचं टोक एकदम तापून वर काहीच पोहोचत नसेल, तर पाणी कमी पडलंय किंवा नळी उलटी बसवली आहे. थंड नळी झटकन उलटी करून पाहा: टक्‌ असा कडक आवाज आला तर निर्वात चांगला आहे, नुसतं डुचमळलं तर तोंड कापून पुन्हा भरा.