क्रीडापटातला पराक्रम शक्य आहे की नाही, हे कसे पडताळावे

क्रीडापटाच्या अंतिम सामन्यात नायक उडी घेतो आणि इतका वेळ हवेत राहतो, की तेवढ्यात प्रशिक्षकाचा, आईचा आणि प्रतिस्पर्ध्याचा असे तीन चेहरे दाखवून होतात. असे खरोखर घडू शकेल का, हा प्रश्न आपल्याला पडतो, पण उत्तर मात्र आपण अंदाजाने देऊन मोकळे होतो. वास्तविक मोबाइलमधले स्टॉपवॉच, त्या खेळाची ठरलेली मापे आणि थोडा गुणाकार एवढ्यावर बहुतेक दृश्यांचा निकाल लावता येतो. हा खटाटोप करावा असे मला मनापासून वाटते, कारण तीन मीटरची खोटी उडी ज्याच्या डोळ्यांना सवयीची झाली, त्याला सव्वा मीटरच्या खऱ्या उडीमागची मेहनत दिसेनाशी होते.

चित्रपट पहिल्यांदा पाहताना काही मोजू नये. तो सलग पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना एकच दृश्य निवडावे आणि आपली शंका नेमकी कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. काही दृश्ये निसर्गनियमाविरुद्ध असतात, काही मानवी शरीराच्या आजवर दिसलेल्या मर्यादेपलीकडची असतात आणि काही केवळ दुर्मीळ असतात. या तिन्हींची गल्लत झाली की मोजमाप कितीही बिनचूक असले तरी निष्कर्ष चुकतो.

उडीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे गणित सर्वांत स्वच्छ आहे. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचे सेकंद मोजावेत, त्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला १.२२ ने गुणावे. शरीर किती मीटर वर गेले ते साधारणपणे कळते. हवेत एक सेकंद म्हणजे सुमारे १.२२ मीटर, आणि ही जगातल्या मोजक्या खेळाडूंची हद्द आहे. दीड सेकंद म्हटले की उंची पावणेतीन मीटरच्या आसपास जाते, तीन सेकंदांना ती अकरा मीटर होते. वेळ दुप्पट झाला की उंची चौपट होते, म्हणून दिग्दर्शकाने केलेली एका सेकंदाची वाढसुद्धा फार मोठी असते. मोजताना एवढीच काळजी घ्यावी, की खेळाडू गुडघे पोटाशी घेऊन उतरत असेल तर त्याचा हवेतला वेळ थोडा वाढतो आणि उंची खऱ्यापेक्षा जास्त निघते.

इथे संथगतीचा प्रश्न येतो. पडद्यावरची चार सेकंदे ही मैदानावरची चार सेकंदे नसतात आणि तेवढ्यासाठी चित्रपटाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम या गतीने दाखवला जातो. तेच दृश्य सेकंदाला ९६ फ्रेमने टिपले असेल तर ते चौपट संथ दिसते. ही पट शोधण्यासाठी त्याच चौकटीत आपोआप खाली पडणारी एखादी वस्तू पाहावी. समजा, खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू साधारण एक मीटर खाली पडतो आहे. प्रत्यक्षात त्याला ०.४५ सेकंद लागतात. पडद्यावर १.८ सेकंद लागले, तर दृश्य चौपट संथ आहे. मग पडद्यावरची चार सेकंदांची झेप प्रत्यक्षात एका सेकंदाची ठरते, म्हणजे अतिशय अवघड पण शक्य कोटीतली. तीच झेप पडद्यावर सहा सेकंदांची असेल, तर प्रत्यक्षात ती दीड सेकंदाची होते आणि तिथे आपण निःशंकपणे ‘अशक्य’ असा शेरा लिहावा. वर गेल्यावर खेळाडू क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो, तो भास मात्र खोटा मानू नये; कोणत्याही उडीतला निम्मा वेळ तिच्या उंचीच्या वरच्या पाव भागातच जातो.

धावण्याच्या शर्यतीत सरासरी वेग काढावा. चारशे मीटरच्या शर्यतीत शेवटचे शंभर मीटर उरले असताना नायक वीस मीटर मागे आहे आणि तरीही जिंकतो, असे दृश्य घ्या. आघाडीवरचा धावपटू ते शंभर मीटर बारा सेकंदांत संपवत असेल, तर नायकाला तेवढ्याच वेळात एकशे वीस मीटर कापावे लागतील, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. वेड व्हॅन नीकर्कने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा संपूर्ण शर्यतीतला सरासरी वेग सेकंदाला ९.३ मीटर होता. आणि या शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात अव्वल धावपटूंचाही वेग उतरत असतो. नायक नेमका तिथेच वेग वाढवतो, हे मला अशा दृश्यांतले सर्वांत खटकणारे असत्य वाटते. खऱ्या शर्यतीत मागून येऊन जिंकण्याचे तंत्र वेगळे असते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये डेव्ह वॉटल हा आठशे मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला सर्वांच्या मागे होता आणि अखेरीस ०.०३ सेकंदाने जिंकला. त्याने दर दोनशे मीटरला जवळपास सारखाच वेळ घेतला होता. वेग कमी झाला होता तो इतरांचा. म्हणून अशा दृश्यात नायकाच्या पायांइतकेच मागे पडणाऱ्यांच्या पायांकडेही पाहावे.

चेंडूच्या खेळांत अंतर आणि वेळ यांचा मेळ बसतो का ते पाहावे. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. या वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात फलंदाजाला धावफलक पाहून बालपण आठवणे शक्य नसते, पण तो मनातला काळ आहे हे प्रेक्षक ओळखतो, त्यामुळे त्याला मी चूक धरत नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा चेंडू सुटल्यानंतर तो उभे राहण्याची पद्धत बदलतो, बॅट दुसऱ्या हाती घेतो आणि तरीही चेंडू त्याची वाट पाहत असतो.

दुखापतीच्या दृश्यांकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे, कारण कोवळ्या वयाचे खेळाडू त्यांचे अनुकरण करतात. वेदना सोसून खेळणे खोटे नाही. २००२ मध्ये अँटिगाच्या कसोटीत अनिल कुंबळेने मोडलेल्या जबड्यावर पट्टी बांधून गोलंदाजी केली आणि ब्रायन लाराला बाद केले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट शुन फुजिमोतो गुडघ्याची वाटी मोडलेली असताना टांगत्या रिंगांवर खेळला आणि त्यावरून उडी घेऊन उतरला. पण पुढे काय झाले तेही लक्षात घ्यावे: कुंबळे शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला, फुजिमोतोला स्पर्धा सोडावी लागली. तेव्हा वेदना आणि कार्यक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात. गोलंदाजीला जबडा लागत नाही. धावायला मात्र घोटा लागतोच. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटलेला खेळाडू मैदानावर परतायला साधारणपणे नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ घेतो, आणि तो एका गाण्यात बरा होत असेल तर त्या गाण्यात किती ऋतू बदलले ते पाहावे. मुष्टियुद्धात डोक्यावर पूर्ण ताकदीचे किती ठोसे बसले ते चक्क मोजावेत. एकाच फेरीत असे वीस ठोसे खाऊन उभ्या राहिलेल्या नायकाची लढत खरे पंच फार आधी थांबवतील.

यानंतर कॅमेऱ्याची करामत शोधावी. फ्रेम एकेक पुढे सरकवत उडीच्या क्षणापाशी थांबावे. पाय सुटताना दिसतात का, की तिथेच कट आहे? चेहरा आणि पाय एकाच चौकटीत येतात का? दोरीला बांधलेले शरीर कमरेभोवती फिरते, शर्ट कमरेपाशी ओढल्यासारखा दिसतो आणि उतरण्याचा वेग चढण्याच्या वेगाशी जुळत नाही. मोकळ्या उडीत तेवढ्याच उंचीचे चढणे आणि उतरणे सारख्याच वेळात होते, त्यामुळे हा शेवटचा पुरावा मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

केवळ दुर्मीळ असलेल्या गोष्टीला अशक्य ठरवण्याची घाई करू नये. गारफील्ड सोबर्सने १९६८ मध्ये आणि युवराज सिंगने २००७ मध्ये एका षटकात सहा षटकार मारले. १९६८ मध्येच मेक्सिको सिटीत बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून आधीचा विक्रम एकदम ५५ सेंटिमीटरने मागे टाकला. मोजणीचे उपकरण तिथवर पोहोचत नव्हते, म्हणून पंचांना पोलादी फीत आणावी लागली. म्हणून आपल्या नोंदवहीत शेरा लिहिताना दृश्यातला आकडा, त्या प्रकारातला विक्रम आणि दोहोंतले अंतर असे तीन रकाने ठेवावेत. विक्रमापासून थोडेसेच दूर असलेल्या दृश्यापुढे ‘दुर्मीळ’ लिहावे, विक्रमाच्या दुप्पट निघालेल्या दृश्यापुढे ‘अशक्य’, आणि संथगतीची पट सापडली नसेल तर तो रकाना रिकामाच सोडावा.