गरोदरपणात बीपी, वजन आणि बाळाच्या हालचालींची नोंद घरी कशी ठेवायची

माझ्या दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यात एका सकाळी बोटातली अंगठी निघेना, साबण लावला तरी निघेना, आणि घरात सगळे म्हणाले अगं या दिवसांत सूज येतेच. मला कुठेच दुखत नव्हतं. बीपी मोजलं तर १४८/९६. वहीत मागचे तीन आठवडे वरचा आकडा ११०-११५ च्या आसपास होता, तो फोनवर वाचून दाखवला तर डॉक्टर म्हणाल्या लगेच निघून या. वाढलेलं बीपी बऱ्याचदा अंगाला जाणवतच नाही हो, मोजलं तरच कळतं, म्हणून एवढं लिहितेय.

आधी एक शंभर पानी वही घ्या. आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट तिच्यातच ठेवा, आणि बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर कपड्यांच्या आधी ही वही बॅगेत टाका, कारण तिकडच्या डॉक्टरांना तुमचं आधीचं काहीच माहीत नसतं.

आता बीपी. मशीन हातावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून परत मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, १६०/११० आलं तर फोनात वेळ घालवू नका, थेट दवाखाना. आणि डोकं जबर दुखतंय, डोळ्यापुढे काजवे चमकतायत, बरगडीखाली दुखतंय, तोंड सुजलंय, यातलं काहीही असेल तर आकडा नॉर्मल असला तरी जा.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. आधीचं वजन ठीक असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत साधारण १०-१२ किलो वाढतं. दोन जिवांचं खा म्हणून ताटात दुप्पट वाढतात ते ऐकू नका, त्यापेक्षा मोड आलेली मटकी, पालेभाजी, अंडं, नाचणीची भाकरी वाढवा. एकाच आठवड्यात एकदम दीड-दोन किलो वाढलं तर ते अन्नाचं नाही, पाण्याचं असू शकतं, सांगा.

सगळ्यात मनापासून करायचं काम म्हणजे बाळाची हालचाल मोजणं. २८ आठवड्यांनंतर रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडा, मोबाईल बाजूला, प्रत्येक लाथेला वहीत एक रेघ. दोन तासांत दहा व्हायला हव्यात, बहुतेकदा त्याच्या खूप आधी होतात. नाही झाल्या, किंवा रोजच्यापेक्षा आज बाळ शांत वाटतंय, तर सकाळपर्यंत थांबू नका. "शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ हलत नाही" हे चुकीचं आहे, हालचाल शेवटपर्यंत जाणवायलाच हवी.

गोळ्यांपुढे टिक करा. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस देतात. ती चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल, आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर पुढची तपासणी कधी ते विचारून तारीख लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात चौथ्या महिन्यापासून पुढे मोफत तपासणी असते.

आणि मिश्री. दात घासायला म्हणून लावतात पण ती तंबाखूच आहे, बाळाचं वजन कमी राहतं. सासूबाईंसमोर बोलायला अवघड जात असेल तर आशाताईंना बोलू द्या, पण बंद करा.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ब्लड ग्रुप, डॉक्टरांचा नंबर, ॲम्ब्युलन्सचा १०८, आणि रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार त्याचं नाव. त्या माणसाला तसं आधी विचारून ठेवा.