बांध साफ करताय? या चुका टाळा

जुन्नरपासून इंदापूरपर्यंत कुठेही जा, बांधाची सफाई म्हटलं की दोनच गोष्टी पुढे येतात: तणनाशकाचा पंप नाहीतर काडीपेटी. सगळं एकदम उडवायचं, नाहीतर चार वर्षं ढुंकून बघायचं नाही. त्यातून होणारं नुकसान पिकात दिसतं, म्हणून बांधाचं नाव कुणी घेत नाही.

पावसाच्या तोंडावर बांध तासणं

मे महिन्यात कुदळीने बांध घासूनपुसून लख्ख करायची हौस महागात पडते. गवताच्या मुळ्या माती धरून असतात; त्या निघाल्या की पहिल्या वळवातच घळ पडते. पुरंदर-भोरकडच्या उतारावर वरचा बांध फुटला की खालचेही पाठोपाठ जातात. गवत विळ्याने कापा आणि चार बोटं बुडखा राहू द्या. मारवेल, पवना असेल तर फुकटची वैरण झाली. दरवर्षी एकाच जागी बांध फुटत असेल तर तिथे उंदराचं बीळ शोधा, भातखाचरात खेकड्याचं. वरून माती लोटून ते बुजत नाही. खणून, ओल्या मातीने चोपून भरायचं आणि वर वाळ्याचे किंवा मारवेलचे ठोंब लावायचे.

औषधाचा वारा, आणि दोष व्हायरसला

नारायणगाव पट्ट्यात उसाला लागून टोमॅटो असतो. उसातलं किंवा बांधावरचं रुंद पानाचं तण मारायला २,४-डी फवारलं जातं आणि आठवड्याभरात टोमॅटोचे शेंडे वळतात, पानं दोरीसारखी अरुंद होतात. मग व्हायरस आला म्हणून तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर औषधं सुरू. आधी सरीत उभं राहून नीट बघा. बांधाकडच्या ओळी सगळ्यात जास्त वाकड्या आणि आत जावं तसं कमी होत गेलं असेल, शिवाय सगळ्या झाडांवर एकाच वेळी दिसलं असेल, तर ते उडून आलेलं तणनाशक आहे. व्हायरस असा ओळीने येत नाही. आधी इथे एक झाड, तिथे एक झाड धरतो आणि पानं उलटली की माशी सापडते. द्राक्ष आणि कपाशीलाही या औषधाचा असाच फटका बसतो. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात ते मारू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपातही उरलेला अंश टोमॅटोला पुरतो.

फवारलेल्या कुंपणावर करटोलीचा वेल असेल तर त्या पावसाळ्यात भाजीचा मोह आवरा. मंडईत करटोलीचा भाव ऐकल्यावर अवघड जातं, मान्य.

हुमणीच्या रागाने बाभूळ तोडणं

भुईमूग आणि ऊस हुमणीने, म्हणजे मुळ्या खाणाऱ्या अळीने, वाळला की बांधावरच्या कडुलिंब, बाभूळ, बोरीवर कुऱ्हाड चालते. खरं तर हीच झाडं सापळ्याचं काम करतात. वळवाचा पाऊस झाला की अंधार पडता पडता हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि पाला खायला, जोडी जमवायला याच झाडांवर गोळा होतात. खाली ताडपत्री अंथरा आणि फांदी जोरात हलवा. टपटप पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या घमेल्यात जाऊ द्या. मादीने अंडी घालण्याआधी हे झालं तर पुढे मुळ्या खाणाऱ्या अळ्या कमी होतात. जूनमधल्या या संध्याकाळी हुकल्या की वर्ष हुकतं, कारण या भुंगेऱ्यांची पिढी वर्षाला एकच. आणि एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या दादांनाही उठवा.

गाजर गवत फुलल्यावर आठवणं

देशात हे तण पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५५च्या सुमारास, पुण्यातच. त्यामुळे ते आपल्याला इतकं सवयीचं झालंय की पांढरी फुलं डोलायला लागली तरी कुणी हात लावत नाही. एका झाडाचं बी हजारोंनी पडतं. पाऊस झाल्यावर माती मऊ असताना, फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. अंगाला लागलं तर खाज सुटते. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगे पानं खाताना दिसले तर तिथे औषध मारू नका, ते तुमचंच काम करतायत.

वेळेची आणखी एक गफलत. पीक ऐन फुलोऱ्यात असताना बांध एका दिवसात साफ केला की त्यावरचे फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण सरळ पिकात उतरतात. मग "कालपर्यंत काहीच नव्हतं" असं म्हणत दुकानाच्या पायऱ्या चढायच्या. रोगट तण लागवडीच्या आधी काढा. बाकीचा बांध उभ्या पिकात कापायचाच असेल तर तुकड्या-तुकड्याने कापा, म्हणजे किडी खाणाऱ्या ढालकिड्यांनाही थारा राहतो.

पेटवणं

बांधावर ठिबकची नळी आहे, पलीकडे डोंगर आहे, वारा कुठून येईल सांगता येत नाही. यापेक्षा जास्त समजावायची गरज नसावी. शिवाय फुलोरी मधमाशीचं पोळं कुंपणाच्या झुडपातच असतं. कांद्याच्या बियाण्याचे गोंडे किंवा काकडीवर्गीय वेल लावणाऱ्याने तरी ते जाळू नये.

झाड कुठल्या बांधावर?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या बांधावरची झाडं तुमच्याच रब्बीवर सावली धरतात आणि उत्तरेच्या बांधावरची शेजाऱ्याच्या. भांडणाची निम्मी मुळं इथेच. लावण्याआधी बोला. जुनी झाडं असतील तर खालच्या फांद्या छाटा आणि पिकाच्या बाजूने दोन फूट खोल चर काढून मुळ्या तोडा, पण एका वर्षात एकाच बाजूने.

बांध कोरला जातोय असं वाटलं तर उलट बाजूने कोरून हिशोब चुकता करू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. बांधावरून जायला वाट हवी असेल तर मामला वेगळा: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा.