स्मार्ट पिग लाइनमध्ये सोडायच्या आधी

पाइपलाइनच्या आतून फिरून भिंतीतले दोष मोजणारं सेन्सरवालं यंत्र म्हणजे स्मार्ट पिग, त्यालाच आम्ही टूल म्हणतो. ते लाइनमधून सोडायची, म्हणजे पिगिंगची, तारीख ठरली की सगळे टूलकडे बघत बसतात, पण रिपोर्ट कामाचा येणार की नाही ते त्याच्या आधीच ठरलेलं असतं. तेव्हा पहिलं काम कागदांचं. अलाइनमेंट शीट (लाइनचा मार्ग आणि पाइपचे तपशील दाखवणारं ड्रॉइंग) काढा, पाइपची जाडी कुठे बदलते, बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट (१.५ डी) आहे की तिप्पट (३ डी), टी-ला (जिथे फाटा फुटतो तिथे) पिग अडकू नये म्हणून आतून बार आहेत का, दुरुस्तीत बदललेला तुकडा कुठे आहे, हे सगळं टूलवाल्या कंपनीला लेखी द्या. व्हॉल्व्हच्या बाबतीत ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक स्टेशनला माणूस पाठवून पूर्ण उघडलाय ना ते बघायला लावा.

शोधायचं काय आहे तेही आधीच नक्की करा. गंजाने जाडी कमी झालीय का बघायचं तर एमएफएल (पाइपला चुंबकीय करून दोषापाशी बाहेर गळणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारं टूल) चालतं, गॅसमध्येही आणि तेलातही. नेहमीचं अल्ट्रासॉनिक टूल वापरायचं तर मध्ये द्रव लागतो, म्हणून ते तेलाच्या लाइनला सोपं. आणि पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर साध्या एमएफएलला नीट दिसत नाही, तिची भीती असेल तर टूलच वेगळं मागवा.

आता साफसफाई, आणि इथे अजिबात घाई नको. मेण, गाळ, काळी पावडर राहिली की सेन्सर भिंतीपासून उचलला जातो आणि तेवढ्या पट्ट्यात डेटाच येत नाही, तोही बहुतेक तळाला, म्हणजे सहा वाजताच्या पोझिशनला, जिथे पाणी साचून आतला गंज सगळ्यात जास्त लागतो. २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरमला गॅसलाइन फुटून २० च्या वर माणसं गेली, तिथेही गॅसबरोबर आलेलं पाणी आणि आतून लागलेला गंज हेच कारण पुढे आलं. म्हणून ब्रश आणि मॅग्नेटवाले क्लीनिंग पिग सोडत राहा, दर वेळी किती आणि कसला कचरा आला ते फोटोसकट लिहून ठेवा, आणि तो कमी होऊन टूलवाले हो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका, वरून कितीही फोन आले तरी.

मग गेज पिग, म्हणजे टूल अडकेल अशी अरुंद जागा आहे का ते बघणारा पिग. ॲल्युमिनियमची प्लेट, साधारण सगळ्यात अरुंद आतल्या व्यासाच्या ९५ टक्के. ती वाकून आली तर कारण सापडेपर्यंत टूल टाकायचं नाही.

कंट्रोल रूमशी वेगाचं आधी बोलून घ्या, गॅसमध्ये प्रेशर कमी असेल तर पिग अडकतो आणि मग एकदम सुसाट सुटतो, तेवढ्या भागाचं रीडिंग गेलं. साधारण दर १-२ किलोमीटरला मार्कर (खालून टूल गेल्याची वेळ नोंदवणारं जमिनीवरचं यंत्र), त्यांचं घड्याळ टूलच्या घड्याळाशी जुळवलेलं, आणि रात्री शेतात थांबणाऱ्या पोरांना बॅटरी, पाणी आणि जागामालकाचा नंबर द्या.

लाँचर-रिसिव्हरचं (पिग आत टाकायच्या आणि बाहेर काढायच्या डब्याचं) दार उघडताना प्रेशर गेज शून्य दाखवतोय एवढ्यावर जाऊ नका, गेजची लाइन चोक असू शकते. व्हेंट (गॅस बाहेर सोडायची नळी) उघडून आत प्रेशर नाही याची खात्री करा, आणि दारासमोर कोणीच उभं राहायचं नाही. गॅसलाइनच्या काळ्या पावडरीत बरेचदा आयर्न सल्फाइड असतं, हवा लागली की ते आपोआप पेटू शकतं, त्यामुळे आधी पाणी मारा आणि कचरा ओलाच ठेवा. एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) मीटर प्रत्येकाच्या खिशाला.

टूल बाहेर आलं की टीमला लगेच सोडू नका. किती सेन्सर चालू राहिले, ओडोमीटर (अंतर मोजणारं चाक) घसरला का, वेग कुठे मर्यादेबाहेर गेला, हे साइटवरच बघून घ्या. परत रन लागणार असेल तर टूल अजून गावात असतानाच कळलं पाहिजे. आणि रिपोर्ट आल्यावर खोदून ताडून बघायला दोन-चार जागांच्या परवानग्या आत्ताच मागून ठेवा, पावसाळ्यात शेतात जेसीबी जात नाही.